जोडीची रॅम

डेस्कटॉप संगणकात रॅम एकटी कधीच काम करत नाही. मेमरी कंट्रोलर, मदरबोर्डवरचे स्लॉट, बायोस, ऑपरेटिंग सिस्टीम आणि आधीपासून बसलेली दुसरी स्टिक या सगळ्यांचे पटले, तरच नवी स्टिक कामाला लागते. नव्या संगणकात हे पटवून देण्याचे काम कारखान्यात किंवा दुकानदाराच्या टेबलावर उरकलेले असते. दहाबारा वर्षे चाललेल्या यंत्रात मात्र ते नव्याने करावे लागते, आणि तेही अशा वस्तूंमध्ये ज्या वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या कंपन्यांनी बनवलेल्या असतात. म्हणूनच ‘८ जीबी टाकून द्या’ एवढे सांगून दुकानातून निघालेला माणूस पुष्कळदा दुसऱ्या दिवशी परत दुकानात दिसतो.

उदाहरणासाठी इंटेलच्या एच६१ चिपसेटचा बोर्ड घेणे सोयीचे आहे. २०११ मध्ये हा चिपसेट बाजारात आला आणि पुढची काही वर्षे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर जुळवलेल्या असंख्य असेंबल्ड पीसींत तोच बसला. हिशेबाच्या टेबलांवर, डीटीपीच्या दुकानांत, शाळांच्या संगणक कक्षांत ही यंत्रे अजून चालू आहेत. रॅमचे दोन स्लॉट, डीडीआर३ प्रकार, प्रत्येक स्लॉटला जास्तीत जास्त ८ जीबी, म्हणजे एकूण १६ जीबी ही त्याची मर्यादा. विकत घेताना बहुतेकांनी २ किंवा ४ जीबीची एकच स्टिक घेतलेली असते, कारण त्या काळी तेवढी पुरत होती.

आता ती पुरत नाही हे कशावरून ओळखायचे? संगणक मंद झाला एवढ्यावरून नाही. मंद होण्याची कारणे अनेक असतात आणि रॅम हे त्यांतले एकच. रोजच्या कामाचे सगळे प्रोग्रॅम, ब्राउझरचे नेहमीचे टॅब उघडून टास्क मॅनेजरमधला मेमरीचा आलेख पाहावा. ‘कमिटेड’ या शीर्षकाखालचा आकडा बसवलेल्या रॅमच्या बराच पुढे गेला असेल, आणि त्याच वेळी हार्ड डिस्कचा दिवा अखंड लुकलुकत असेल, तर तूट रॅमची आहे. जागा संपली की विंडोज रॅममधला काही मजकूर डिस्कवरच्या पेजफाइलमध्ये नेऊन ठेवते आणि लागेल तेव्हा परत आणते. रॅममधून एखादी गोष्ट काढायला शंभराहून कमी नॅनोसेकंद लागतात, फिरत्या हार्ड डिस्कवरून तीच काढायला दहाएक मिलिसेकंद. हा फरक लाखपटीहून अधिक आहे. ४ जीबीवर विंडोज १० आणि ब्राउझर एकत्र चालवताना जो ‘हँग’ अनुभवाला येतो, तो बहुतांशी याच हेलपाट्यांचा असतो. उलट आकडा बसवलेल्या रॅमच्या आतच असेल, तर आणखी रॅम टाकून वेग वाढणार नाही. तेव्हा ते पैसे एसएसडीवर खर्च केलेले चांगले.

त्यानंतर ऑपरेटिंग सिस्टीम पाहायची. ३२ बिटांच्या पत्त्यांनी ४ जीबीच्या पलीकडची जागा दाखवता येत नाही, आणि त्या ४ जीबीतलाही काही भाग ग्राफिक्स कार्ड आणि इतर उपकरणांच्या पत्त्यांसाठी राखून ठेवावा लागतो. त्यामुळे ३२ बिटी विंडोजमध्ये ४ जीबी बसवले तरी वापरायला सव्वातीन ते साडेतीन जीबीच मिळतात. ही गोष्ट मराठी छपाईच्या व्यवसायात विशेष लक्षात ठेवण्याजोगी आहे. जुने पेजमेकर, त्यावर बसवलेले जुने मराठी फॉन्ट आणि त्यांच्यासाठी जपून ठेवलेली विंडोज एक्सपी अशी जुळणी अनेक डीटीपी दुकानांत वर्षानुवर्षे मोडलेली नाही, कारण हजारो पानांच्या जुन्या फायली त्याच जुळणीत नीट उघडतात. अशा यंत्रात ८ जीबी बसवणे म्हणजे पैसे वाया घालवणे. तिथे २ आणि २ जीबीची जोडी लावून थांबावे. ६४ बिटी विंडोजमध्येही आवृत्तीनुसार मर्यादा आहेत. भारतात विकल्या गेलेल्या विंडोज ७ होम बेसिकची मर्यादा ८ जीबी, तर होम प्रीमियमची १६ जीबी.

मग बोर्ड. त्याचे नाव आणि आवृत्ती स्लॉटांच्या आसपास छापलेली असते. कॅबिनेट उघडायचे नसेल, तर सीपीयू-झेड नावाचा छोटा प्रोग्रॅम ते दाखवतो. त्या नावावरून कंपनीच्या माहितीपत्रकात दोन गोष्टी शोधायच्या: रॅमचा प्रकार आणि प्रत्येक स्लॉटची कमाल मर्यादा. प्रकाराच्या बाबतीत तडजोड नसते. डीडीआर२ आणि डीडीआर३ या दोन्हींना २४० पिना असल्या तरी स्टिकच्या खालच्या कडेची खाच वेगळ्या ठिकाणी असते. डीडीआर४च्या पिना २८८. लॅपटॉपची डीडीआर३ स्टिक तर लांबीनेच निम्मी. खाच जुळत नसताना जोर लावला तर स्लॉट तुटतो.

कमाल मर्यादेच्या मागे मात्र एक खोच आहे, ती माहितीपत्रकात सहसा ठळकपणे लिहिलेली नसते. स्टिकवरच्या प्रत्येक काळ्या चिपमध्ये किती गिगाबिट मावतात हेही कंट्रोलरला झेपावे लागते. ४ जीबीची स्टिक दोन प्रकारे बनते: दोन्ही बाजूंना मिळून २ गिगाबिटच्या १६ चिपा, किंवा एकाच बाजूला ४ गिगाबिटच्या ८ चिपा. दोन्ही स्टिकांवर ‘४ जीबी’ हेच छापलेले असते. एच६१च्या यंत्राला दोन्ही चालतात. त्याच्याही आधीच्या, २००८ मध्ये आलेल्या जी४१ चिपसेटच्या बोर्डाला मात्र २ गिगाबिटच्या वरची चिप ओळखता येत नाही. तिथे ८ चिपांची नवी ४ जीबी स्टिक लावली, तर संगणक सुरूच होत नाही किंवा तिची निम्मीच क्षमता दाखवतो. दुकानदार म्हणतो स्टिक चांगली आहे, घरचा माणूस म्हणतो खराब आहे, आणि दोघेही आपापल्या यंत्रावर ते खरे करून दाखवू शकतात. जी४१साठी रॅम घेताना म्हणूनच दोन्ही अंगांना चिपा असलेली, सोळा चिपांची स्टिकच मागावी.

हे सगळे कळण्याचे साधन म्हणजे स्टिकवरचे लेबल, आणि ते वाचायला शिकणे अवघड नाही. समजा लेबलवर ‘४जीबी २आरएक्स८ पीसी३-१०६००यू-०९’ असे आहे. ‘२आरएक्स८’ म्हणजे दोन रँक, आणि प्रत्येक चिप एका वेळी ८ बिट देणारी. एका रँकने ६४ बिट पुरवायचे असतात, म्हणून ८ चिपांची एक रँक आणि दोन रँकच्या १६ चिपा. ‘पीसी३’ म्हणजे डीडीआर३. १०६०० हा सेकंदाला सुमारे १०,६०० मेगाबाइट वाहून नेण्याचा आकडा आहे. सेकंदाला १,३३३ दशलक्ष फेऱ्या, प्रत्येक फेरीत ८ बाइट, असा तो गुणाकार. हीच स्टिक बाजारात १३३३ची म्हणून ओळखली जाते. १६००ची असेल तर लेबलवर पीसी३-१२८०० लिहिलेले असते. त्यानंतरचे ‘यू’ हे अक्षर सगळ्यात महत्त्वाचे. ते साध्या डेस्कटॉपची रॅम सांगते. त्या जागी ‘आर’ असेल तर ती सर्व्हरची रजिस्टर्ड रॅम. ती त्याच स्लॉटमध्ये तंतोतंत बसते, पण घरगुती बोर्ड तिच्यावर सुरू होत नाही. ‘एस’ असेल तर लॅपटॉपची. शेवटचे ०९ म्हणजे कॅस लेटन्सी, मागितलेली माहिती हाती यायला घड्याळाचे किती ठोके लागतात तो आकडा. पीसी३च्या पुढे ‘एल’ जोडलेला असेल तर ती स्टिक १.३५ व्होल्टवरही चालते. अशा बहुतेक स्टिका साध्या डीडीआर३च्या १.५ व्होल्टवरही चालतात, त्यामुळे जुन्या बोर्डात त्या घालायला हरकत नाही. उलट दिशेने मात्र सावध राहावे. केवळ १.३५ व्होल्टसाठी बनवलेल्या नंतरच्या बोर्डांत जुनी १.५ व्होल्टची स्टिक घालू नये.

आता जोडीचा मुद्दा, आणि खरे कौशल्य इथेच आहे. प्रोसेसरकडे रॅमचे दोन मार्ग म्हणजे दोन चॅनेल असतात, प्रत्येकी ६४ बिटांचा. एकच स्टिक लावली तर एक मार्ग रिकामा राहतो. १३३३च्या एका स्टिकचा वेग सेकंदाला १०.६ जीबी, तशाच दोन स्टिका दोन चॅनेलांवर लावल्या तर २१.३ जीबी. टायपिंग किंवा ई-मेल करताना हा फरक हाताला जाणवत नाही. पण ज्या यंत्रात वेगळे ग्राफिक्स कार्ड नाही, तिथे पडद्यावरचे चित्रही याच रॅममधून येत असते. व्हिडिओ, मोठी छायाचित्रे, साधे गेम या सगळ्यांना दुसरा मार्ग उघडल्याचा चांगलाच लाभ होतो. एएमडीच्या २०११ पासूनच्या ए-मालिकेच्या प्रोसेसरांमध्ये ग्राफिक्सचा भाग दणकट असल्यामुळे तिथे तो सर्वाधिक दिसतो.

म्हणून दोन स्लॉटांच्या बोर्डावर ८ जीबी करायचे असतील, तर ८ जीबीच्या एका स्टिकपेक्षा ४ आणि ४ ही जोडी सरस. मात्र दोन्ही स्टिका सारख्याच असल्या पाहिजेत ही समजूत अर्धीच खरी आहे. इंटेलच्या या पिढीतल्या कंट्रोलरांना असमान क्षमताही सांभाळता येतात. ४ आणि २ जीबी लावले, तर ४ मधले २ आणि पलीकडचे २ मिळून ४ जीबीचा भाग दोन्ही चॅनेलांवर चालतो आणि उरलेले २ जीबी एका चॅनेलवर. ४ आणि ८ लावले तर १२ पैकी ८ जीबी दुहेरी मार्गावर. घरात आधीच ४ जीबीची चांगली स्टिक असेल आणि ८ जीबीची दुसरी बेताच्या किमतीत मिळत असेल, तर ही जोडी बिनदिक्कत लावावी. व्यवहारात ती अतिशय उपयुक्त ठरते. ८ आणि २ ही जोडी मात्र केविलवाणी आहे. १० पैकी फक्त ४ जीबी दुहेरी मार्गावर, आणि एक स्लॉट २ जीबीसाठी अडकलेला. अशा वेळी जुनी २ जीबी काढून टाकण्याचे धैर्य दाखवावे.

चार स्लॉटांच्या बोर्डावर आणखी एक गोष्ट पाहावी लागते. तिथे प्रत्येक चॅनेलला दोन स्लॉट असतात आणि रंगांवरून त्यांची जोडी ओळखता येते, पण कोणत्या रंगाची जोडी आधी भरायची हे बोर्डागणिक बदलते. काहींना प्रोसेसरपासूनचा दुसरा आणि चौथा स्लॉट आधी हवा असतो. दोन स्टिका शेजारशेजारच्या स्लॉटांत लावल्या, तर पुष्कळदा त्या एकाच चॅनेलवर जातात आणि दुसरा मोकळाच राहतो. चारही स्लॉट भरले की कंट्रोलरवरचा भार वाढतो आणि जुने बोर्ड कधी कधी वेग एक पायरी खाली आणतात. म्हणून चार २ जीबींपेक्षा दोन ४ जीबी केव्हाही बऱ्या.

वेगवेगळ्या वेगांच्या स्टिका एकत्र लावल्या तर काय होते? बैलजोडीत जो मंद असतो त्याच्याच चालीने गाडी चालते, तसेच. १६००ची स्टिक १३३३च्या शेजारी बसली की दोघी १३३३ने चालतात. प्रत्येक स्टिकवर एक चिमुकली चिप असते, एसपीडी नावाची. कोणत्या वेगाला किती लेटन्सी लागते याचे कोष्टक तिच्यात साठवलेले असते. संगणक सुरू होताना बायोस दोन्ही कोष्टके वाचतो आणि दोघींना झेपेल असा वेग ठरवतो. प्रोसेसरचीही मर्यादा असते. २०११ चा दुसऱ्या पिढीचा कोअर आय३ १३३३ पर्यंतच जातो, २०१२ च्या तिसऱ्या पिढीपासून १६०० मिळतो. त्यामुळे दुसऱ्या पिढीच्या यंत्रासाठी १६००च्या स्टिकला जास्त पैसे मोजण्यात अर्थ नाही. गेमसाठी विकल्या जाणाऱ्या, १.६५ व्होल्ट मागणाऱ्या चमकदार स्टिका तर अशा बोर्डावर टाळाव्याच.

लेटन्सीचा आकडा पाहून मात्र घाबरू नये. १३३३च्या स्टिकची लेटन्सी ९ आणि १६००ची ११ असते. आकडा मोठा म्हणजे रॅम मंद, असा समज होतो. हिशेब करून पाहावा. १३३३च्या रॅमचा एक ठोका १.५ नॅनोसेकंदाचा, नऊ ठोके म्हणजे १३.५ नॅनोसेकंद. १६००चा ठोका १.२५ नॅनोसेकंदाचा, अकरा ठोके म्हणजे १३.७५. दोन्ही जवळजवळ सारखेच. जुन्या डेस्कटॉपसाठी लेटन्सीचा विचार एवढाच पुरे.

डीडीआर३च्या बाजारात आता वापरलेला माल भरपूर असतो. कार्यालयांनी भाड्याने घेऊन परत केलेल्या ब्रँडेड संगणकांतून काढलेल्या, सॅमसंग, हायनिक्स किंवा मायक्रॉनचे मूळ लेबल असलेल्या स्टिका त्यात सापडतात आणि त्या बहुधा भरवशाच्या असतात. रॅममध्ये झिजणारा भाग नाही. ती जुनी आहे म्हणून नाकारण्याचे कारण नाही. सावध राहायचे ते निराळ्याच मालापासून. ‘फक्त एएमडीसाठी’ म्हणून स्वस्तात विकल्या जाणाऱ्या डीडीआर३ स्टिकांत चिपांची रचना वेगळी असते. एएमडीच्या काही कंट्रोलरांना तिचे पत्ते वाचता येतात, इंटेलला नाहीत. इंटेलच्या यंत्राला त्या कितीही स्वस्त असल्या तरी निरुपयोगी. लेबल खरवडलेली किंवा चिपांवरची छपाई पुसलेली स्टिक घेऊ नये. जुन्या मालावर वर्षांची वॉरंटी मिळत नाही, पण काही दिवसांची ‘टेस्टिंग वॉरंटी’ दुकानदार देतात. ती बिलावर लिहून घ्यावी.

बसवण्याचे काम थोडक्यात आटोपते. वीज बंद करून वायर काढावी, पॉवरचे बटण एकदा दाबून उरलेला विद्युतभार जाऊ द्यावा, कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावावा, मग स्टिकला. सोनेरी पिना काळवंडल्या असतील तर पांढऱ्या मऊ खोडरबराने हलके पुसून भुगा झटकावा. खाच जुळवून दोन्ही टोकांवर सारखा दाब दिला की क्लिपा आपोआप मिटतात. सुरू करताना लागोपाठ बीप ऐकू आले, तर नवी रॅम खराब असे ठरवण्याआधी ती काढून पुन्हा बसवावी. मग एकेक स्टिक, एकेका स्लॉटमध्ये, असे तपासावे. दोष स्टिकचा की स्लॉटचा हे यातूनच कळते. सगळे सुरळीत चालू झाल्यावर सीपीयू-झेडमध्ये चॅनेलपुढे ‘ड्युअल’ दिसते का ते पाहावे. तिथे १३३३च्या ऐवजी ६६५ च्या आसपासचा आकडा दिसून अनेकांना फसवले गेल्यासारखे वाटते. तो घड्याळाचा खरा वेग आहे. एका ठोक्यात दोनदा माहिती जाते, म्हणून दुप्पट करून वाचावा.

एवढ्यावर काम झाले असे मानणे धोक्याचे आहे. संगणक सुरू होणे आणि रॅम निर्दोष असणे या दोन वेगळ्या गोष्टी. एकेकट्या उत्तम चालणाऱ्या दोन स्टिका एकत्र आल्यावर चुका करू शकतात, आणि घरगुती डेस्कटॉपमध्ये चूक पकडणारी ईसीसी रॅम नसते. एका बिटाने काय बिघडते ते मराठी मजकुरात नेमके दाखवता येते. युनिकोडमध्ये ‘क’ या अक्षराचा सांकेतिक क्रमांक षोडशमान पद्धतीत ०९१५ आहे, ‘ग’ चा ०९१७. या दोन क्रमांकांत फक्त एका बिटाचा फरक आहे. रॅममधली ती एक पेशी बिघडली आणि शून्याचा एक झाला, तर ‘काळ’ चा ‘गाळ’ होतो आणि ‘कळा’ चा ‘गळा’. दोन्ही शब्द शुद्धच असल्यामुळे शुद्धलेखन तपासणाराही त्यांना हटकत नाही. हेच हिशेबाच्या आकड्यात घडले तर काय, याची कल्पना करावी. डिस्कवर साठवताना फाइल त्या चुकीसह साठते आणि बॅकअपमध्येही तशीच जाते.

म्हणून नवी जोडी लावली की पेन ड्राइव्हवर मेमटेस्ट८६+ घेऊन संगणक त्यावरून सुरू करावा आणि रात्रभर चाचणी चालू ठेवावी. हा प्रोग्रॅम विनामूल्य आहे. सकाळी पडद्यावर एकही लाल ओळ नको. एक चूक दिसली तरी जोडी नापास, ‘एकच आहे, चालेल’ ही सवलत तिथे नाही. मग स्टिका एकट्याने तपासून दोषी स्टिक टेस्टिंग वॉरंटीच्या मुदतीत परत करावी. एकेकटीने दोन्ही पास होत असतील, तर बायोसमधून वेग १०६६ वर उतरवून पुन्हा पाहावे. तेवढ्याने पुष्कळदा भागते. थोडा कमी वेग घेऊन वर्षानुवर्षे बिनचूक चालणारी जोडी, क्वचित चुकणाऱ्या वेगवान जोडीपेक्षा कितीतरी मोलाची.

या खर्चाला सीमाही असावी. विंडोज १०चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ या पिढीच्या प्रोसेसरांना अधिकृतपणे स्वीकारत नाही. इंटरनेटशी जोडलेल्या अशा यंत्रावर लिनक्स बसवणे हा सरळ मार्ग आहे, आणि ४ व ४ जीबीच्या जोडीवर लिनक्स मिंट चांगले चालते. १६ जीबीपर्यंत जाण्याची गरज छायाचित्रांचे किंवा व्हिडिओचे मोठे काम करणाऱ्यालाच असते. तसे काम असेल तर ते नव्या यंत्रावर करणेच शहाणपणाचे, कारण तिथे रॅमच्या आधी प्रोसेसर अपुरा पडतो.

काढून ठेवलेली २ जीबीची स्टिक मात्र भंगारात देऊ नये. निर्दोष असल्याची चाचणी करून, अँटिस्टॅटिक पिशवीत घालून, वर प्रकार आणि वेग लिहून ती ठेवावी. जवळपासच्या एखाद्या शाळेच्या संगणक कक्षात एका स्टिकवर चालणारे असेच यंत्र असेल आणि त्याचा दुसरा स्लॉट रिकामा असेल, तर ती तिथे नेऊन द्यावी.